गजूला घरी यायचं होतं

सकाळची अकोल्याची एसटी लावून मी रेडिएटरमध्ये पाणी भरत होतो, तेव्हा हमीद समोर येऊन उभा राहिला. हमीद म्हणजे गजूच्या ट्रकवरचा क्लीनर. आमच्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप. अंगातल्या सदऱ्याची एक बाही फाटून लोंबत होती. "गजूभाऊ गेला," तो म्हणाला. मला वाटलं, ट्रक नीट झाला आणि दोघं रिसोडला पोचले. "थेट घरी गेला काय?" असं मी विचारलंसुद्धा. स्टँडच्या भिंतीला टेकून हमीद हळूहळू खाली बसला... तेव्हा मला कळलं.

आज महिना उलटून गेला. पण हातातला पाण्याचा डबा खाली टेकवताना पाणी सांडून पायांवर आलं होतं, तो गारवा अजून तसाच आठवतो. बाकीचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं.

गजूच्या घरची रिसोडला लागूनच बागाईत. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. पहाटे भाजी तोडायची आणि त्याच्या वडिलांनी, तुकारामकाकांनी, ती हातगाडीवर बाजारात न्यायची. आमचं घर त्यांच्या मळ्याच्या धुऱ्याला, बांधालाच लागून, त्यामुळे आम्ही दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलो आणि गावातल्या एकाच म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली गाडीही शिकलो. चालवण्यात तो माझ्यापेक्षा सरस होता. त्याच्या हातात स्टिअरिंग असलं की मागे बसलेल्या माणसाला डुलकी लागायची. एसटीच्या भरतीला आम्ही बरोबरच गेलो. तिथं त्याची उंची बोटभर कमी भरली. मान ताणून, छाती फुगवून उभा राहिला, तरी कमीच. परतताना बसमध्ये तो खिडकीशी बसला. मग म्हणाला, "तू लाग राजा. आपल्यापैकी एक तं लागला." पुढे दुष्काळाच्या सालात विहीर तळाला गेली, बागाईत वाळली, तेव्हा तो गावातल्या एका मालकाच्या ट्रकवर लागला. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं होतं.

मालकाकडे दोन ट्रक होते. चांगला ट्रक जुन्या ड्रायव्हरकडे होता. गजू नवा, म्हणून त्याच्या वाट्याला दुसरा आला. "नव्या डायवरले जुनी गाडीच भेटते, दुनियेचा कायदाच हाय थो," असं तो हसून सांगायचा. कापसाच्या गाठी मुंबईला, तूरडाळ कलकत्त्याला, येताना मिळेल तो माल. नीट चालला तर ट्रक चार-आठ दिवसांत परत यायचा, पण नीट चालायचा कधी? कधी क्लच जळायचा, कधी मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटायचा, कधी डिझेलचा पंप हवा धरायचा. मग एखाद्या अनोळखी गावाच्या वेशीवर हमीद आणि तो दिवस-दिवस सामानाची वाट पाहत बसायचे. घरी सांगून गेलेला दिवस कधीच खरा व्हायचा नाही. सेल्फ तर असून नसल्यासारखा. इंजिन एकदा बंद पडलं की दहा माणसांनी ढकलल्याशिवाय पुन्हा लागायचं नाही. त्यामुळे गजू जिथं जाईल तिथं उतार शोधून ट्रक लावायचा.

त्याच्या घरासमोर उतार नव्हता.

म्हणून वाटेवर घर लागलं की तो इंजिन चालूच ठेवून आत यायचा. बाहेर हमीद एक्सलेटरवर पाय ठेवून बसलेला, दारापुढच्या पत्र्याचा थडथड आवाज चाललेला, आणि आत हा उभ्याउभ्या भाकर खातोय. शांतावहिनी समोर उभ्या. दोघांना मोठ्यानं बोलावं लागायचं. लग्न होऊन वर्षा-दोन वर्षांत नवरा-बायकोनं ज्या गोष्टी हळू आवाजात बोलायच्या असतात, त्या त्यांनी त्या इंजिनाच्या आवाजात कशा बोलल्या असतील कोण जाणे. एकदा वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "मायबाई, मी त्यायचा आवाज इसरून राह्यली. मले फक्त गाडीचा आवाज याद येते."

लेकीच्या जन्माच्या वेळी गजू नागपूरच्या पलीकडे कुठंतरी अडकलेला होता. त्याला निरोप पोचला तोवर बारसं होऊन गेलं होतं. पोरीचं नाव सुमन ठेवलं. हे नाव त्यानं पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या तोंडून, पातूरच्या पुढे रस्त्यावर. माझी एसटी जात होती आणि समोरून त्याचा ट्रक येत होता. दोघांनीही ब्रेक मारले. मी खिडकीतून ओरडून सांगितलं. त्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तशी मान खाली घालून ट्रक पुढे नेला.

तेव्हापासून त्यांच्या घरचा निरोप्या मीच झालो. अकोला-रिसोड हा माझा रोजचा रस्ता. तो कुठं थांबलेला दिसला की मी गाडी हळू करायचो. माझे नेहमीचे प्रवासीही त्याला ओळखायला लागले होते. संध्याकाळी ड्यूटी संपली की मी सायकल त्यांच्या दारात टेकवायचो. वहिनी विचारायच्या, "कुठं बिघडली?" मी गावाचं नाव सांगायचो. त्या तव्याखालची एखादी काडी ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बसा, चहा घ्या."

मालक वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. गजूनं ट्रकचं रडगाणं सांगितलं की तो ऐकून घ्यायचा. शेवटी म्हणायचा, "एवढी खेप मारून ये, मग मिस्तरीकडं लावून देऊ." ती खेप झाली की दुसरी तयारच असायची. यंदा पोळ्यानंतर मात्र गजूनं चाव्या मालकाच्या ओट्यावर ठेवल्या. "जॅकच्या आट्या झिजल्या, ब्रेक धरत नाही, पाटे गेले. आता गाडी कामाले लावा, नाहीतर मले सोडा," असं तो म्हणाला. मालकानं शब्द दिला. अकोल्याहून मिठाची पोती आणायची, तेवढी उतरवली की ट्रक आठवडाभर मिस्तरीकडे राहील आणि गजू घरी.

त्या दिवशी दुपारी मी रिसोडकडे परतत होतो. मेडशीच्या अलीकडे वळणावर ट्रक उभा दिसला. पुढचं एक चाक खड्ड्यात, पाटा तुटून बाहेर आलेला. मी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरलो. गजूच्या कपाळाला काळं ऑइल लागलेलं होतं. पण तो खुशीत होता. हमीदला त्यानं पाट्यासाठी मेडशीला पाठवलं होतं.

"चाल, माह्या गाडीत बस," मी म्हणालो. "हमीद थांबते मालाजोळ. उद्या मिस्तरी घेऊन येऊ."

"मीठ हाय बावा. आभाळ पाह्य कसं भरून राह्यलं. ताडपत्रीले भोकं हायेत. टाकून येऊ कसा?" मग तो माझ्या जवळ आला. प्रवाशांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल, आवाज खाली गेला. "मांगच्या खेपेले सुमनले घेतलं तं रडाले लागली रे. मले वळखलंच नाही. शांता म्हणे, अनोळखी वाटते तिले... आता आठ दिवस घरीच राह्यतो. आठ दिवसांत वळखन का नाही?"

"वळखन ना. काहून नाही वळखन," मी म्हणालो.

"शांताले सांगजो, आज येतोच. बिघडली असं सांगू नको. येतो एवढंच सांगजो."

मी गाडी काढली. आरशात तो ट्रकखाली वाकताना दिसला.

गजूच्या घरी जाऊन मी तेवढंच सांगितलं. वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी सुमनला न्हाऊ घालायला पाणी तापत ठेवलं. तुकारामकाका मळ्यात जाऊन कवळी वांगी तोडून घेऊन आले.

पुढचं हमीदनं सांगितलं तेवढंच मला माहीत. मेडशीत पाटा मिळायला वेळ लागला. आभाळ गडगडायला लागलं तसा गजूला धीर निघाला नसावा. हमीद येईपर्यंत निदान तुटका पाटा काढून ठेवावा म्हणून त्यानं जॅक लावला, खाली दगडांचा आधार दिला आणि आत शिरला. जॅक सरकला. मीठ भरलेला ट्रक त्याच्यावर बसला. हमीद दिवस मावळताना परत आला तेव्हा एक बैलगाडीवाला रस्त्यात हात करून त्याला थांबवत होता. दोघांनी मिळून, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मिळून ट्रक उचलून धरला. हमीदची बाही त्यातच फाटली. पण उपयोग नव्हता... उपयोग केव्हाच राहिला नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिसोडच्या स्टँडवर हमीद भिंतीशी बसला होता. मी माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर द्यायला सांगितलं. आम्ही दोघं चालतच निघालो. वहिनी अंगणात सडा टाकत होत्या. ड्यूटीच्या वेळी मला आलेलं पाहिलं, मागे हमीदला पाहिलं. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली.

"कुठं बिघडली?" त्यांनी विचारलं.

"मेडशीजोळ," मी म्हणालो. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हमीदकडे, त्याच्या बाहीकडे. तुकारामकाका घरातून बाहेर आले आणि दारातच थांबले. कोणी रडलं नाही. वहिनी म्हणाल्या, "मंग त्यायनं येतो काहून सांगतलं?"

मालक आला होता. तेरवी होईपर्यंत रोज गजूच्या घरी येऊन ओट्यावर बसायचा. ट्रक त्यानं विकून टाकला म्हणतात. हमीद आता भाजीबाजारात हमाली करतो, गाडीवर पुन्हा चढला नाही. मी मात्र रोज त्या वळणावरून जातो. पोटाचा प्रश्न आहे, रस्ता बदलता येत नाही. तिथं आलं की बसमधले बोलणारे गप्प होतात, नवे प्रवासी इकडेतिकडे पाहायला लागतात.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. ओसरीवर एक बाज आहे. सुमन झाली तेव्हा वहिनी पोरीला घेऊन खाली झोपतात म्हणून गजूनं बाभळीचे ठावे, म्हणजे पाय, आणून ती ठोकली होती, आणि घरच्या एका लांबलेल्या मुक्कामात दोरी विणायला घेतली होती. निम्मी झाली आणि खेप आली. उरलेली दोरी गुंडाळून त्यानं गातीला, बाजेच्या आडव्या लाकडाला, बांधून ठेवली होती. वर्षभर ती बाज तशीच भिंतीला उभी होती. तेरवीच्या दिवशी पाहुण्यांपैकी कोणीतरी ती पुरी करायला बसलं, तर वहिनींनी हातातून दोरी काढून घेतली होती.

परवा पाहिलं तर बाज विणून झालेली. काकांनी विणली. त्यांचे हात आता कापतात, त्यामुळे त्यांची बाजू सैल, झोळ पडलेली. गजूची बाजू ताठ, एकेक पीळ दाबून बसवलेला. कुठं तो उठून गेला ते लहान मुलालाही दाखवता येईल. वहिनी काठावर बसून मेथी निवडत होत्या, आणि सुमन ताठ बाजूला पालथी झोपली होती. झोपेत तिची बोटं दोरीच्या चौकोनात अडकली होती. मी ती सोडवायला वाकलो. वहिनी हळूच म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. थे तशीच झोपते."