बांधलेल्या मनगटाचा पट्टा

कुर्डुवाडी मागे पडली आणि खिडकीबाहेर सगळं एकाच रंगाचं झालं. ज्वारी वाळत आलेली, बांधावरचं गवत वाळलेलं, आभाळही धुळीनं पांढरट. शेत कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. आम्ही चिपळूणची माणसं. चार पावलांवर डोंगर आडवा आला नाही तर आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इथे नजर जात राहते, जात राहते आणि कशालाच न अडता परत येते. रात्रभर जागी होते म्हणून असेल, पण सोलापूर यायच्या आधीच हे सगळं आपण झोपेत बघतोय असं मला वाटायला लागलं होतं.

मी दांडपट्टा शिकायला निघाले होते. हे वाक्य मी घरी, शाळेत आणि शेजारी सांगितलं तेव्हा सगळेच आधी हसले आणि मग माझ्या उजव्या हाताकडे बघून गप्प झाले. मी चित्रकला शिकवते. तीन वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात स्कूटरवरून पडले आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत पट्टी घालून ते कायमचं जोडून टाकलं. आता दुखत नाही, फक्त वाकत नाही. त्याची सवय झाली. सवय होत नाही ती लोकांची. मी काहीही उचललं की कुणीतरी ते हातातून काढून घेतं. घरी नवरा कुकर काढून घेतो, शाळेत शिपाई खडूंचा खोका, बाजारात भाजीवाली पिशवी. "राहू दे, मी घेतो." माया असते त्यांची, पण मला राग येतो. जे कुणी हातातून काढून घेणार नाही असं काहीतरी मला धरायचं होतं.

लाठीचे वर्ग जवळपास होते, पण लाठी सगळी मनगटावर फिरते. मग एकदा मोबाइलवर सोलापूरच्या मुलामुलींचा एक व्हिडिओ दिसला. दांडपट्टा म्हणजे लांब, लवचिक पात्याची तलवार. तिची मूठ कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबळ्याच्या आत असते. हात त्या खोबळ्यात गेला की मनगट वाकूच शकत नाही. फिरतो तो खांदा आणि फिरतात ते पाय. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही. शाळेत रजा टाकली आणि गाडीत बसले.

व्हिडिओतला वर्ग जुळे सोलापुरात, एका सोसायटीच्या गच्चीवर भरत होता. शिकवणारा तरुण ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. गच्चीच्या कडेला पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या साड्या, आणि त्यांच्यामधून मुलं हारीनं लाठ्या फिरवत होती. ऊन अजून कोवळं होतं आणि लाठ्यांच्या घुमण्यानं त्या साड्या हलतायत असा मला उगाच भास झाला.

"मॅडम, आधी लाठी," तो म्हणाला. "लाठी आल्याशिवाय पट्टा नाही. आपला सिलॅबसच आहे तसा."

मी हात दाखवला. त्यानं तो आदबीनं पाहिला.

"अवघड आहे मॅडम. तुमच्या मुलांना पाठवा की. मुलांचं मी बघतो."

मला मूलबाळ नाही, हे त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तर त्यानं तीही माझ्या हातातून घेतली आणि टोपण उघडून परत दिली. मुलगा गुणी होता. मी जिना उतरले तेव्हा माझ्या डोक्यात मात्र फक्त त्या बाटलीचं टोपण होतं.

खाली रिक्षावाल्याला म्हटलं, एखाद्या जुन्या तालमीत सोडा. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"कौनसी तालीम होना आपा? यहाँ तो गल्ली गल्ली में तालीम है."

"जिथे भिंतीवर हत्यारं असतील तिथे."

त्यानं रिक्षा गावात घातली. यंत्रमागांची खटखट सुरू झाली, ती गल्लीमागून गल्ली आमच्याबरोबर येत राहिली. कुठल्याशा दारात दोन बायका तेलुगूत भांडत होत्या. पुढच्या वळणावर भाजलेल्या शेंगांचा वास आला, तोही बराच वेळ सोबत होता.

तालमीत तांबडी माती, तिच्यावर तेलाचा आणि घामाचा थंड वास. समोरच्या भिंतीवर खरोखरच एक पट्टा टांगलेला होता, त्याला सुकलेला झेंडूचा हार. तालमीची देखभाल करणारे एक आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी मला चहा मागवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"ते दसऱ्याला पुजायचं असतंय बाई," भिंतीकडे बघत ते म्हणाले. "खेळणारं कोण न्हाय आता. आमचं चुलतं खेळायचं. त्यांच्यासंगट गेलं. आता कुस्ती हाय, लेझीम हाय."

"दुसरीकडे कुठे?"

"अक्कलकोटच्या पल्याड एक मास्तर हाय. मल्लिनाथ मास्तर. शाळेत खेळ शिकवायचा, आता रिटायर झालाय. त्यानं परत चालू केलंय म्हणं. बायकांस्नी बी शिकवतोय. खरं किती, खोटं किती, आपण काय बघितलेलं न्हाय."

एवढ्यावर मी अक्कलकोट गाठलं. स्टँडवर मराठी आणि कन्नड अशा काही एकमेकांत मिसळल्या होत्या की एक वाक्य मला कळायचं आणि त्याचंच पुढचं कळायचं नाही. मास्तरांचं गाव विचारून घेतलं आणि घाईघाईनं गाडीत बसले ती नेमकी चुकीची. कंडक्टरनं मला एका फाट्यावर उतरवलं आणि शेतातल्या वाटेकडे बोट दाखवलं. भर दुपारी, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी ज्वारी, आणि वाऱ्यानं तिची पानं सारखी कुजबुजत होती. मला भीती वाटायला हवी होती. उलट मला इतकं हलकं वाटलं की ती वाट संपू नये असं झालं. कितीतरी दिवसांनी माझ्या हातातली बॅग मीच धरलेली होती.

मास्तरांच्या गावात खाणावळ एकच. ती चालवणाऱ्या महादेवीअक्का माझ्याच वयाच्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. "बर्री, बर्री (या, या)," म्हणत त्यांनी मला आत घेतलं. ताटात कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि हुग्गी (गव्हाची खीर). चटणी दह्याशिवायच तोंडात टाकली आणि डोळ्यांतून पाणी आलं. अक्का मोकळेपणानं हसल्या आणि आणखी दही वाढलं. मास्तरांचा आखाडा कुठे आहे असं विचारलं तर म्हणाल्या, "हितंच की. आमच्या परड्यात. मी बी शिकतोय." त्या स्वतःबद्दल अधूनमधून बाप्यासारखं बोलायच्या, तिकडे तशी रीत आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना परड्यात, खाणावळीमागच्या मोकळ्या अंगणात, सातआठ जण जमले, त्यात निम्म्या बायका. मल्लिनाथ मास्तर उंच, किडकिडीत, आवाज मात्र बारीक. त्यांनी मला आधीच सांगून टाकलं, "आमच्या आज्याचा पट्टा घरात होता. शिकवायला कोण न्हवतं. मी कोल्हापूरकडं जाऊन थोडं शिकलो, म्हाताऱ्यांना विचारून थोडं. काही पवित्रे मिळाले, काही गेले. मधली जागा अंदाजानं भरलीय. खोटं कशाला सांगायचं?"

मग जे सुरू झालं ते मी कुठल्याच व्हिडिओत पाहिलं नव्हतं. प्रत्येकानं एकेक कामटी (बांबूची चपटी पट्टी) घेतली आणि ती स्वतःला न बांधता दुसऱ्याच्या मनगटावर बांधायला सुरुवात केली. पंजापासून कोपराच्या अलीकडपर्यंत कामटी ठेवायची आणि जुन्या चादरीच्या काठाच्या चिंध्यांनी आवळायची. मनगटाला वाकायची खोड असते, ती मोडल्याशिवाय खोबळा हातात द्यायचा नाही, असा तिथला नियम. आणि एका हातानं स्वतःलाच गाठ मारता येत नाही, म्हणून जोडीदार. माझ्या वाट्याला अक्का आल्या. त्यांनी माझ्या उजव्या हातावर कामटी ठेवली, दाबून पाहिलं, आणि मास्तरांना हाक मारली.

मास्तरांनी माझं मनगट दोन्ही हातांत धरलं. हलवून पाहिलं. मग अगदी सहज म्हणाले, "हे बांधूनच आलंय की."

सगळे हसले, मीसुद्धा. तीन वर्षांत या हाताकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

पुढचे काही दिवस मी हवेत होते. पहाटेचा गारवा, ज्वारीवरून येणारा उजेड, लाकडी पट्टे, आणि मास्तरांचं "निधान, निधान (सावकाश)". बाकीच्यांची मनगटं कामटीतही वळवळायची. माझं जागचं हलत नव्हतं. मास्तर मला पुढे उभं करायचे आणि इतरांना म्हणायचे, ताईंच्या खांद्याकडं बघा. दुपारी अक्कांच्या ओसरीवर पडल्यापडल्या मला वाटायचं, हा हात मोडला तो यासाठीच.

आणि मग मास्तरांनी देव्हाऱ्यातून आज्याचा पट्टा आणला. खोबळा तेल लावून पुसलेला, काळा, आतून मऊ कापड. "घाला हात."

हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. मी जोर केला तर लोखंड हाडाला लागलं. मास्तरांनी खोबळा फिरवून पाहिला, कापड काढून पाहिलं. जाईना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांनी मनगट सरळ जोडलेलं नाही. कप धरता यावा, लिहिता यावं म्हणून ते किंचित वर उचललेलं आहे. लाकडी पट्ट्याची मूठ उघडी, ती मी तिरकी धरून भागवत होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

"लोहाराकडून दुसरा खोबळा करून घेतला तर?"

मास्तरांनी कापड परत खोबळ्यात बसवलं. "करंल की तो. पण पातं वाकडंच राहणार, ताई. वाकडं पातं खेळणाऱ्याच्याच अंगावर येतंय. मी ते देणार न्हाय."

मी तिथेच मातीत बसले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. एवढ्या लांब येऊनही शेवटी कुणीतरी माझ्या हातातली वस्तू काढूनच घेतली होती, आणि या वेळी त्याचंच बरोबर होतं.

बाकीची मंडळी पांगली. अक्का माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या हातात कामटी होती.

"डावा द्या."

"नको." मी हात मागे घेतला. "हा एकच धड आहे अक्का. याच्यावर सगळं चाललंय माझं."

"बांधायचा हाय, तोडायचा न्हाय. साक (पुरे) वाटलं की सांगा, मी सोडतो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या घाई करत नव्हत्या. परड्याबाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, तिचा आवाज लांब जाऊन विरेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. मग मी हात पुढे केला.

चिंधी आवळली गेली. आता दोन्ही मनगटं गेली. केसांची बट डोळ्यांवर आली तर ती मागे सारायलाही दंड उचलावा लागला. मी उभी राहिले, लाकडी पट्टा डाव्या हातात घेतला, आणि मास्तरांनी शिकवलेला पहिला वार फिरवला.

तो सरळ गेला. खांदा आधी निघाला, पाय त्याच्याबरोबर वळले, मनगटाला काही विचारावंच लागलं नाही. दुसरा वारही तसाच. फळ्यावर लिहिताना, आमटी ढवळताना, दार लोटताना तीन वर्षं मी उजव्या हाताचं सगळं खांद्यानंच करत आले होते. अंगाला ते पाठ झालं होतं.

मास्तर जवळ आले. "हे डाव्याला कुणी शिकवलं?"

"उजव्यानं," मी म्हटलं.

त्यांनी लाकडी पट्टा काढून घेतला, अक्कांनी कामटी सोडली आणि माझा डावा हात त्या काळ्या खोबळ्यात अलगद आत गेला. पातं माझ्या उंचीएवढं. मी ते एकदाच फिरवलं. त्याचा आवाज आधी कानात आला, मग छातीत. शेत, परडं, माणसं, सगळं त्या पात्याच्या बाहेर गेलं आणि आत मी एकटीच होते.

"खोबळा काढू?" अक्कांनी विचारलं.

"राहू द्या थोडा वेळ."

परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा बाहेर डोंगर होते, हिरवे, अगदी अंगाजवळ, आणि नुकताच पाहिलेला तो मोकळा उजेड खरा होता की नाही याचीच शंका यायला लागली. मी गेले होते ते मोडक्या हाताला कुठे जागा मिळते का ते बघायला. त्याला पट्टा कधीच धरता येणार नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे, आणि याचं वाईट वाटतं ते वाटतंच. पण त्या हाताला जे येतं ते दुसऱ्याला देता येतं, हे मला चिपळुणात बसून कधी समजलं नसतं.

आता मी रोज सकाळी मास्तरांनी दिलेली कामटी आणि लाकडी पट्टा घेऊन गच्चीवर जाते. कामटी आपली आपल्याला बांधता येत नाही, म्हणून नवऱ्याला उठवते आणि डावा हात त्याच्यासमोर धरते. पहिल्या दिवशी त्यानं गाठ सैल मारली.

"लागेल तुला," तो म्हणाला.

"घट्ट बांध."

त्यानं बांधली. मग खाली ठेवलेला लाकडी पट्टा उचलून माझ्या हातात दिला, आणि मला फिरायला जागा हवी म्हणून मागे सरकून उभा राहिला.