खांबामागचा बाबा

"जगाच्या मुली हेरता, आणि घरातली दिसत नाही तुम्हाला!" बायकोने कपाट धाडकन लावलं.

"दिसते, म्हणूनच क्लबला तिचं नाव दिलं नाही," तो म्हणाला.

तो एका व्हॉलीबॉल क्लबसाठी खेळाडू शोधायचा. स्काउटिंग म्हणजे आपण बघतोय हे कळू न देता बघणं, असं तो पाहुण्यांना समजावायचा. सामन्यात तो खांबामागे बसायचा आणि चेंडू हुकल्यावर मुलगी काय करते ते वहीत टिपायचा. बाजारातही फळवालीने फेकलेलं फळ कोण कसं झेलतं, ते बघत पिशवी विसरून यायचा.

सतरा वर्षांची लेक दारात उभी होती. "वहीत माझ्या नावापुढे काय लिहिलंस, बाबा?"

तो खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. "चेंडू हुकला की तू खेळ सोडून खांबाकडे बघतेस."

"मग? तिथे तू असतोस ना!"

"घ्या," बायको म्हणाली. "आता खांबालाच विचारा."

त्याने वही उघडली आणि तशीच मिटली. आपण समोर नसताना ही कशी खेळते, ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आणि पाहणार तरी कसं?

लेक खाली बसून बुटाच्या नाड्या आवळू लागली.

"रविवारी मी दुसऱ्या क्लबच्या निवडीला जातेय," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनीही यायचं नाही."