पेपर कसा गेला, विचारायचं नाही

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी मीच. लोक सांगतात म्हणून सांगते, नाहीतर मला आपली मी बेताचीच वाटते. आमचे हे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होते. दिवसभर तो आवाज ऐकून यायचे, आणि घरी मी. "तिथं कानात कापूस तरी घालता येते," असं म्हणायचे. म्हणोत बापडे. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पुढचं सगळं विचारून विचारून शिकले. ज्याला विचारायची लाज नाही, त्याला बोलायची तरी कशाला असेल?

तर अशा बाईचं तोंड घरच्यांनी बंद केलं होतं. काही महिने. ते कसं झालं, ते लिहिते.

माझी नात सीए करते आहे. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, पावर हाउसच्या बाजारात कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब लिहितो. दुकानाचे कागद वर्षातून एकदा सीएसाहेबाच्या सहीला जातात, तेव्हा ते घेऊन हाच जातो, आणि साहेब मोकळे होईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहतो. पोरगी बारावीला होती तेव्हापासून त्याचं एकच: "एक दिवस लोक माह्या पोरीपुढं असे उभे राहतील." पोरीला ते ऐकून आधी हसू यायचं. मग हसू यायचं बंद झालं.

सीएची मधली परीक्षा असते, तिला इंटर म्हणतात. तिचे दोन ग्रुप, एकेका ग्रुपात तीन पेपर. प्रत्येक पेपरात शंभरातले चाळीस तर पाहिजेतच, पण तिन्ही मिळून निम्मेही पाहिजेत. म्हणजे तीन जावांनी एका भांड्यात आपापला वाटा टाकायचा, कोणी हात आखडता घ्यायचा नाही, आणि वरून भांडंही अर्धं भरलं पाहिजे. पहिल्या खेपेला मी तिचे मार्क मोबाइलवर पाहिले. पहिल्या ग्रुपात तिन्ही आकडे चाळीसच्या वर. मी तर दारातूनच शेजारणीला हाक मारली. नात म्हणाली, "आजी, चूप. फेल आहे मी."

"अवं, सगळ्यात तं पास दिसून राहिली!"

"सगळ्यात पास, पण ग्रुपात फेल."

असं कुठं असतं, हे मी तेव्हा खूप जणांना विचारलं. दुसऱ्या ग्रुपाचं तर तिनं दाखवलंच नाही. पुढच्या खेपेलाही दोन्ही ग्रुप गेले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी बाजारात भाजी घेत होते. शेजारी दोन बाया मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा निवडता निवडता बोलत होत्या. अशीच कुठली तरी परीक्षा देणारा एक मुलगा, आपल्याच गावातला, नापास झाला आणि जीव देऊन बसला. कसं ते मी इथं लिहीत नाही. त्या बाया लिहिता येणार नाही इतक्या सहज बोलत होत्या. मी घेतलेली भाजी दुकानदारापाशीच ठेवून ऑटोत बसले. घरी येऊन आधी नातीच्या खोलीत डोकावले. ती कानात मोबाइलची तार घालून बसली होती.

"काय झालं आजी?"

"काई नाई. पिशवी विसरली मी."

त्या दिवशी जी भीती माझ्या पोटात बसली, ती उठायचं नाव घेईना.

भीती मला नवी नव्हती. आमच्या यांच्या नोकरीत ती मी भोगली आहे. शिफ्ट सुटायच्या वेळेला कान दाराकडे. सायकलचं स्टँड वाजलं की भाकर तव्यावर टाकायची, तोवर नाही. पण त्या भीतीला संध्याकाळ होती. माणूस यायचा, पाय धुवायचा, भीती दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर थांबायची. इथं तर माणूस घरातच होता, डोळ्यांसमोर होता, आणि तरी तो घरी आलाय की नाही ते कळत नव्हतं.

केस तिचे पुंजक्या-पुंजक्यांनी निघायचे, कंगव्यातून मी काढून फेकायची. ताटातलं अर्धं तसंच. क्लासचे सर मोबाइलमध्ये शिकवायचे, तेही दुप्पट वेगानं, म्हणजे वेळ वाचावा म्हणून. एकदा तार निघाली तेव्हा मी ऐकलं, चहाचं आधण उकळावं तसे शब्द. मी म्हटलं, हा माणूस श्वास कवा घेते? ती त्या दिवशी हसली. म्हणाली, "आजी, तुले भी टू-एक्सवर करता आलं असतं ना, तं मी सगळं ऐकलं असतं तुझं."

गंमत होती ती. पण मला लागली.

आणि मग सूनबाई क्लासच्या पालक-सभेला जाऊन आल्या. त्या एका छोट्या शाळेत शिकवतात, नियम करायची त्यांना सवय आहे. सरांनी सांगितलं होतं, घरात पोरांना टेन्शन देऊ नका. पेपर कसा गेला, किती झालं, रिझल्ट कधी, काही विचारायचं नाही. सूनबाईंनी ते सगळ्यांना सांगितलं आणि मला वेगळं स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं.

"आई, तुमच्यापुढं हात जोडते. बाकीचे एक शब्द बोलतात, तुम्ही बोलता बोलता कुठं पोचता ते तुमालेच समजत नाही."

"मंग मी काय बोलू?"

"काहीच नका बोलू."

बरं म्हटलं. मला तो बाजारातला मुलगा आठवला. माझ्या तोंडून एखादा शब्द निघाला आणि तोच तिला लागला तर? त्या भीतीनं मी असं तोंड मिटलं, की "जेवली का" हेसुद्धा विचारणं सोडलं. ताट ठेवायची, मागे फिरायची. बुद्धविहारात बाया विचारायच्या, "नातीचा रिझल्ट कवा हाये वो?" मी तिथंही मान हलवून बसून राहायची. एक जण म्हणाली, "बुढीची बॅटरी उतरली वाटते." सगळ्या हसल्या. मीही हसले.

परीक्षा झाली. सेंटर दुर्गच्या बाजूला होतं. आमचे हे तिला स्कूटरवर घेऊन जायचे, बाहेर झाडाखाली बसायचे आणि घेऊन यायचे. ते घरात शिरले की मी नुसती त्यांच्याकडे पाहायची. ते चप्पल काढता काढता हळूच म्हणायचे, "आली बाहेर." बस. पेपर सोपा की कठीण, काही नाही. त्यांनाही दुसरं काही नको होतं, हे मला तेव्हा उमगलं.

रिझल्टच्या दिवशी सूनबाई शाळेत, मुलगा दुकानात, हे बँकेत पेन्शनच्या कामाला गेलेले. घरात मी आणि ती. दुपारची वेळ. ती पलंगाच्या कडेला मोबाइल घेऊन बसली होती, पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं. सगळ्या देशाची पोरं एकाच वेळी तिथं धडकलेली, उघडेल कसं? मी गव्हातले खडे काढायचं ढोंग करत होते. चक्र थांबलं. तिनं पाहिलं. तोंडावर काहीच नाही. उठली, खोलीत गेली, आणि आतून कडी लावली.

ती खोलीला कडी कधी लावत नव्हती.

मी ताट खाली ठेवलं की पडलं, आठवत नाही. दाराशी जाऊन उभी राहिले. आत काही आवाज नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.  नियम आठवला, बोलायचं नाही. बाजारातल्या त्या बाया आठवल्या. मी दाराला धरूनच खाली बसले. आणि बोलायला लागले.

काय बोलले म्हणाल, तर काहीही. शेजारणीच्या बकरीनं आपली कढीपत्त्याची डहाळी खाल्ली. विहारात कोणी तरी माझी चप्पल घालून गेली आणि आपली, अंगठा तुटलेली, ठेवून गेली, आता मी ती घालून फिरते. भिलाईत नवी आले तेव्हा रात्री प्लांटच्या भट्ट्यांनी आकाश लाल दिसलं तर मी आग लागली म्हणून ओरडत बाहेर आले आणि क्वार्टरांची सगळी लाइन हसली. श्वास न घेता बोलत होते. मोबाइलमधल्या सरांपेक्षाही जोरात. फक्त थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. मी थांबले तर आतलं ते गप्प असणं ऐकू येईल.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. नाक भरलेलं.

"आजी? तू बोलून राहिली?"

"मंग काय रेडिओ लागला?"

"तू तं बोलतच नव्हती ना इतके दिवस. मले वाटलं तुले काही मोठी बीमारी निघाली, और सब मुझसे छुपा रहे हैं. माझी परीक्षा हाय म्हणून. मी तुझी कपाटातली फाइल भी पाहिली."

"काय सापडलं?"

"घुटन्याचा एक्स-रे."

मला हसू आलं की रडू, ते मला सांगता येणार नाही. इकडं मी तिच्यासाठी तोंड मिटून बसले होते आणि तिकडं ती माझ्यासाठी कपाटं धुंडाळत होती.

"दार उघड माय माझी."

"उघडते. थोडं रोऊन घेऊ दे."

"इकडं येऊन रड."

"तू भी रडशील."

"रडीन. मंग? तुह्या काय बापाचं जाते?"

कडी निघाली. डोळे सुजलेले, नाक लाल, पण माझी नात सगळीच्या सगळी माझ्यासमोर उभी. मी तिचे दोन्ही हात धरले, खांदे दाबून पाहिले, भाजी पारखावी तशी.

"पहिला ग्रुप निघाला," ती म्हणाली. "दुसरा गेला. आता परत. दोन्ही निघाले बिना सीएच्या ऑफिसात काम शिकाले, आर्टिकलशिपले, भी नाही घेत." मग एकदम लहान झाली. "आजी, बाबाले तू सांग. मले खूप डर लागून राहिला. ते तिथं उभे राहतात ना..."

ज्या बाईला बोलायची बंदी होती, तिला सांगितलं की तू बोल. मलाही भीती होतीच. मुलाचं ते भिंतीला टेकून उभं राहणं मला रोज डोळ्यांपुढं दिसतं. पण मी फोन लावला. नात माझ्या हाताला चिकटून, फोनच्या दुसऱ्या बाजूनं कान लावून.

"बोल माय."

"रिझल्ट आला. एक ग्रुप निघाला. एक राहिला."

 दुकानात कोणी तरी कापडाच्या थानाचा भाव विचारत होतं, दोनदा विचारला.  नातीची नखं माझ्या मनगटात रुतत होती.

मग तो म्हणाला, "ती कुठं हाये?"

"माह्याजवळ."

"जवळ म्हणजे?"

"माह्या हाताले धरून उभी हाये."

त्यानं श्वास सोडला, तो मला इथं ऐकू आला. मला वाटत होतं बाजारातली ती गोष्ट घरात मी एकटीच पोटात घेऊन फिरते.

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. आणि फोन ठेवला नाही.

मी तो नातीच्या हातात दिला.