चार नंबरच्या मशीनवरचा आठवा सैनिक

क्लासचे किस्से म्हणजे माळ्यावरचं सामान. एक काढायला हात घालावा तर चार अंगावर पडतात! मी, हेमंत आणि भोईर अजूनही भेटलो की चहा यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "ते क्लासचं आठवतं का रे?" झालं. आमच्या बायका उठून आत जातात. त्यांना सगळे किस्से पाठ आहेत. एक मात्र आम्ही शेवटी ठेवतो, आणि तो सांगताना कुणी हसत नाही. तिकडे येतोच.

•••

नव्वदचं दशक संपत आलेलं. डोंबिवली वेस्टला, कोपरच्या बाजूला, तळमजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये आमचा कॉम्प्युटर क्लास. मी, हेमंत आणि भोईर तिथे शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, आदल्या दिवशी जे शिकलो ते दुसऱ्या दिवशी सांगायचो. हॉलमध्ये मशीन्स, किचनमध्ये क्लासचे मालक लेले सर. प्रिंटर ओट्यावर, गॅसच्या जागी! नवीन मुलगी ॲडमिशनला आली की सर म्हणायचे, "प्रिंटआउट ओट्यावरून घ्या," आणि ती बिचारी घाबरून आईकडे बघायची.

चपला बाहेर. एसी फक्त मशीन्ससाठी. कुणी म्हटलं गरम होतंय, तर सर म्हणायचे, "तुम्ही बिघडलात तर डॉक्टर आहे. मशीन बिघडलं तर इंजिनियर ठाण्याहून येतो!"

दसऱ्याला पूजा. भोईर कोपरगावातला, तिथला जुना रहिवासी, देवाचं सगळं मनापासून करणारा. त्याने हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि उरलेल्या पाकळ्या फ्लॉपीच्या फटीतून आत सारल्या. हेमंत ओरडला, "अरे हे काय केलंस?"

भोईर शांतपणे म्हणाला, "देव आत बसलाय ना? मग फूल भायेर कशाला ठेवू?"

ठाण्याहून इंजिनियर आला.

•••

आता सावंत काकू. आमच्या समोरच्याच दारात राहायच्या. नवरा गेलेला, एकुलता एक दिलीप मिलिटरीत. काकूंकडे फोन नव्हता, म्हणून क्लासचा नंबर हा त्यांचा पीपी नंबर. आमच्या फॉर्मवर शेजाऱ्यांचा नंबर लिहिताना लोक कंसात 'पीपी' लिहायचे ना, तसा काकूंचा आमच्याकडे. रविवारी सकाळी दिलीपचा फोन यायचा. सरांनी हाक मारायच्या आधी काकू दारात. बोलायच्या इतक्या मोठ्याने, की फोन नसता तरी दिलीपला ऐकू गेलं असतं!

"जेवलास? मेल्या, खरं सांग. काय जेवलास?"

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर गडबड सुरू झाली आणि दिलीपचे फोन बंद झाले. एक रविवार गेला. दुसरा गेला. टीव्हीवर रोज बातम्या, रोज बर्फाचे डोंगर. काकू टीव्ही बघेनाशा झाल्या, पण कान आमच्या फोनकडे. घंटी वाजली की समोरचं दार उघडायचं. हाताला पीठ, पदर खोचलेला, तशाच उभ्या.

आणि फोन कुणाचा? "हॅलो, तुमची सकाळची बॅच किती वाजता असते?"

काकू विचारायच्या, "काही कळलं?"

"नाही काकू. बॅचची चौकशी."

"बरं." दार बंद.

मला त्या फोनची भीतीच बसली. शेवटी असं झालं की भोईर रिसिव्हर कानाला लावता लावताच पॅसेजकडे तोंड करून ओरडायचा, "बॅच, काकू, बॅच!" पलीकडचा माणूस म्हणायचा, "अहो, मी अजून बोललोच नाहीये!"

•••

त्याच दिवसांत हेमंतने ठाण्यातून एक गेमची सीडी पैदा केली. सीडी ड्राइव्ह फक्त चार नंबरच्या मशीनला, त्यामुळे क्लास सुटला की आम्ही तिघं चार नंबरवर.

गेम असा, की जगाचा पार सत्यानाश झालाय. बॉम्ब पडलेत, शहरं जळलीत, उरलेली माणसं पत्र्यांच्या वस्तीत राहतायत. आपण हातात मोडकी बंदूक घेऊन फिरायचं. मूळ काम वेगळंच होतं, पण वस्तीच्या गेटवर एक म्हातारा हवालदार उभा असायचा. त्याच्या तुकडीतली आठ पोरं पाणी आणायला गेली ती परत आली नाहीत. आपण गेटमधून आतबाहेर केलं की प्रत्येक वेळी तो विचारायचा, काही कळलं का?

हेमंत म्हणाला, "हे फालतू काम आहे. केलं तरी काही मिळत नाही. पुढे चल."

भोईर भडकला. "मिलत नाय म्हंजे? आपले गावची आठ पोरं गेली असती तर तू पुढे गेला असता?"

मग आम्ही मूळ काम सोडलं आणि पोरं शोधायला लागलो. लेले सर एकदा मागे येऊन उभे राहिले. आम्हाला घाम फुटला. सरांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "त्या बसच्या मागे पाहिलंत का?"

पहिला सैनिक बसच्या मागे सापडला!

•••

एका संध्याकाळी फोन वाजला, काकू आल्या, फोन बॅचचा. परत जाता जाता त्यांची नजर चार नंबरवर गेली. स्क्रीनवर हिरव्या कपड्यातला माणूस.

"हे कोण रे?"

मी हेमंतच्या पायावर पाय दिला, पण त्याचं तोंड सुटलेलं होतं. "हरवलेले सैनिक आहेत, काकू. आठ. आम्ही शोधतोय."

सगळा क्लास थंड पडला. आणि तो एसीमुळे नाही! काकूंनी एक खुर्ची ओढली आणि बसल्या.

"किती सापडले?"

"तीन."

"मग माझ्याकडे काय बघताय मेल्यांनो? शोधा ना!"

त्या दिवसापासून काकू रोज. येताना कधी भजी, कधी घावन. मशीनजवळ खाणं आणलं म्हणून सर ज्याला त्याला झापायचे, पण काकूंचं घावन ते स्वतःच कीबोर्डच्या बाजूला ठेवायचे. काकूंना सगळ्यात जास्त माया त्या गेटवरच्या हवालदाराची. "उभाच आहे बिचारा. ह्याला कोणी बसायला देत नाही काय?"

चौथा सापडला. पाचवा सापडला. त्या दिवशी काकू दारात थांबल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "शिरीष, तुला म्हणून सांगते. मी कौल लावलाय."

काकू कोकणातल्या. तिकडे देवाला पाकळी लावून विचारतात, आणि ती कुठल्या बाजूने पडते त्यावर हो की नाही. मला वाटलं देवळात गेल्या असतील.

"कुठल्या देवाला, काकू?"

काकूंनी चार नंबरकडे बोट दाखवलं. "ह्याला. आठही सापडले तर माझा दिलीप येणार."

"अहो काकू, हा गेम आहे! खेळ आहे!"

"मग? पाकळीला तरी काय कळतं?"

मी आत जाऊन हेमंतला सांगितलं. त्याने डोकं धरलं.

•••

हेमंतला धीर नसतो. रविवारी तो एकटाच क्लासमध्ये बसला आणि पुढचं सगळं खेळून आला. सोमवारी आला तो चेहरा पाडून.

"सहावा, सातवा सापडतात."

"आणि आठवा?"

"पाण्याच्या टाकीपाशी. मेलेला."

"मग वेगळ्या रस्त्याने जाऊ! लवकर पोचू!"

"सगळं करून बघितलं रे. तो गोष्टीतच मेलेला आहे. पहिल्यापासून."

शेवटी सरांच्या कानावर घातलं. हा माणूस तत्त्वाचा, पुण्याहून आलेला, विद्यार्थ्याने पाच मिनिटं उशीर केला तर परत पाठवणारा. सर म्हणाले, "खोटं बोलणं मला मान्य नाही." थोडं थांबले. "मशीन बिघडलं आहे असं सांगा."

सांगितलं. इतकंच नाही, काकूंना खरं वाटावं म्हणून चार नंबरचं झाकण उघडून ठेवलं. काकूंनी आत वाकून बघितलं, घरी गेल्या, अंगारा घेऊन आल्या आणि नीट आत लावला!

ह्याचा एक भलताच परिणाम झाला. परीक्षा तोंडावर होती. मशीन धड आहे हे मुलांना ठाऊक होतं, आणि अंगारा लावलेलं म्हटल्यावर अख्खी बॅच म्हणायला लागली, आम्ही प्रॅक्टिकल चार नंबरवरच देणार. सरांना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

•••

किती दिवस बिघडलेलं ठेवणार? फोन अजून आला नव्हता. काकूंच्या गळ्याची हाडं दिसायला लागलेली. घावनं बंद झाली. आम्हाला वाटलं, हा एक आधार तरी कशाला काढून घ्यायचा, म्हणून मशीन 'दुरुस्त' केलं. ठरवलं की टाकी सोडून सगळीकडे फिरायचं. सहावा, सातवा शोधून दिला. मग नुसतं वाळवंटात गोल गोल.

काकूंनी दोनतीन दिवस सोसलं. मग म्हणाल्या, "पोरं कशाला गेलेली रे? पाण्याला ना?"

"हो."

"मग मेल्यांनो, पाण्याकडे का जात नाही तुम्ही?"

माऊस भोईरच्या हातात. त्याने माझ्याकडे बघितलं, मी हेमंतकडे, हेमंतने भिंतीकडे. सर किचनच्या दारात येऊन उभे.

भोईर टाकीकडे गेला.

टाकीच्या पायाशी तो पडला होता, कुशीवर, बाजूला कॅन. खाली इंग्रजीत ओळी आल्या. हा तुकडीतला शेवटचा. पाणी घेऊन परत निघाला होता. गेटपर्यंत पोचला नाही.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. "सापडला! आठवा हाच ना रे? काय लिहिलंय?"

भोईरचे कान लाल झालेले. मीच बोललो. कसा बोललो, मला माहीत नाही.

"झोपलाय, काकू. दमून झोपलाय असं लिहिलंय."

काकूंनी स्क्रीनकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग भोईरच्या हातावर हात ठेवला.

"मग उठवू नका त्याला. लांबून चालत आलाय पोरगा."

आणि उठून घरी गेल्या. सरांनी चष्मा पुसला आणि विनाकारण एसी बंद केला.

•••

त्या आठवड्यात फोन वाजला. भोईरने सवयीने रिसिव्हर उचलला आणि "बॅच, काकू!" असं ओरडून टाकलं. मग त्याचा चेहरा बदलला. रिसिव्हर टेबलावर टाकून तो पॅसेजमध्ये धावला, अनवाणी. "काकू! बॅच नाय! बॅच नाय!"

दिलीप होता. हॉस्पिटलमधून. हाताला लागलेलं, पण बोलत होता.

"जेवलास?" काकूंनी विचारलं, आणि पुढे त्यांना बोलताच आलं नाही. फोन तसाच हातात धरून रडत होत्या, आणि तिकडून तो बहुतेक जेवणात काय काय होतं ते सांगत होता.

•••

दिलीप सुट्टीवर आला तो हात गळ्यात अडकवून. उंच, काळवंडलेला, कमी बोलणारा. काकू दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन क्लासमध्ये हजर. एका हातात नारळ, एका हातात पेढे. नारळ चार नंबरपुढे ठेवला.

"चल, तो झोपलेला दाखव ह्याला."

दिलीप बारावी पास. इंग्रजी वाचणार!

हेमंत म्हणाला, "काकू, मशीन बिघडलंय."

"आत्ता तर ती मुलगी बसली होती त्याच्यावर!"

"सीडी... सीडी घरी राहिली."

"ही काय, आतच आहे," सर म्हणाले. तत्त्वाचा माणूस! बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण तोवर उशीर झालेला.

भोईरने गेम लावला. गेटमधून जाताना हवालदाराने नेहमीसारखं विचारलं. दिलीप जरा पुढे वाकला. वाळवंट, मोडकी बस, मग टाकी. तो तिथेच कुशीवर पडलेला, बाजूला कॅन. खाली त्या ओळी आल्या.

दिलीपने त्या वाचल्या. सावकाश वाचल्या, ओठ हलत होते. मग परत पहिल्यापासून वाचल्या. मी जमिनीकडे बघत होतो. आता हा काकूंना सांगणार आणि आम्ही संपलो, एवढंच डोक्यात.

"काय लिहिलंय रे?" काकूंनी विचारलं.

दिलीपने आमच्या तिघांकडे एकेक करून बघितलं.

"झोपलाय असं लिहिलंय, आई."

"बघ! ही पोरं पण हेच म्हणालेली." काकूंनी पेढ्यांचा पुडा उघडला, एक पेढा त्याच्या तोंडापाशी नेला आणि थांबल्या.

"मग तू का रे डोळे पुसतोयस?"