सुमनची देखणी

“रविवारी माझी देखणी आहे, येशील?” सुमनने विचारलं, तेव्हा मला वाटलं, ही बया आता स्वतःलाच देखणी म्हणवून घेतेय. मुरबाडच्या पतपेढीत आम्ही दोघी शेजारी बसतो. तिचं सगळंच माझ्यापेक्षा बरं. केस, नवरा, डब्यातली भाजीसुद्धा. म्हटलं, रूपाचा समारंभ पण करणार का ही? बघूनच येऊ.

मुरबाडहून शहापूर, तिथून डोळखांबची एसटी आणि पुढे खच्चून भरलेली जीप. मांडीवर केकचा खोका. एका वळणावर शेजारच्या बाईंची कोंबडी फडफडत येऊन नेमकी खोक्यावर बसली. बाई शांतपणे म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गो, गरीब हाय ती.” उतरेपर्यंत केकचं पिठलं झालं होतं.

सुमनचा पाडा डोंगराच्या कुशीत, भर दुपारीही निम्मा धुक्यात. म्हणून इथले लोक स्वतःला धुकवे म्हणवतात. भात कापून झालं होतं, अंगणात नाचणी वाळत होती.

देखणी (डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष) म्हणजे काय, ते तिथे कळलं. धुकव्यांकडे वाढदिवसाला भेटवस्तू देत नाहीत. जन्मल्या दिवशी ज्यांनी तुम्हाला पाहिलं, ती माणसं येतात आणि काय पाहिलं ते सांगतात. ऐकीव चालत नाही. सांगून झालं, की नाचणीच्या पिठाचं एक बोट तुमच्या दंडावर ओढायचं. वर्षं कुणी मोजत नाही. तुम्हाला पाहिलेलं शेवटचं माणूस गेलं, की त्या दिवसापासून तुम्ही म्हातारे, मग पंचविशीत का असेना.

सुमन उपड्या टोपलीवर बसली. तिची मावशी म्हणाली, “तुज्या मुठीत आईचा केस व्हता. सोडतच नव्हतीस.” चुलता म्हणाला, “मी शेळी शोधाय गेलतो. आलो तं तू शिंकलीस.” एवढंच. एवढ्यासाठी तो तानशाहून आला होता. सहा जणांची सहा बोटं दंडावर उमटली. सुमन लहान मुलीसारखी हसत होती आणि मी तिच्या दंडावरची बोटं पुन्हा पुन्हा मोजत होते. तिला बढती मिळाली तेव्हाही मी इतकी जळले नव्हते.

नाचणीची भाकरी आणि उडदाच्या आमटीनंतर सगळ्यांनी तो केक वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. वाढता वाढता मावशीने मला विचारलं, “तुमची देखणी कवा?”

“वाढदिवस एक जूनला. शाळेत घालताना मास्तरांनी लावून दिला. आमच्या अर्ध्या वर्गाचा तोच.”

“मास्तर व्हता तिथं?”

“नाही.”

“मंग कोनी पायलं तुमाला?”

आई-वडील गेले, सुईणही गेली. “दादा होता. सहा वर्षांचा.”

“काय पायलं त्यानं?”

“कधी विचारलं नाही.”

मावशीचा हात थांबला. “इचारा की. त्यो बी गेला म्हंजे?”

दादा म्हणजे आईचा जीव. दुधावरची साय त्याच्या वाटीत, शाबासकी त्याला, आईची शेवटची हाकही त्यालाच. सुमन भेटायच्या कितीतरी आधीपासून मी त्याचा हेवा करत आलेय. त्याला कोण विचारणार? पण आता दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

परतताना शहापूरच्या स्टँडवरून फोन लावला. “दादा, मी झाले त्या दिवशी तू काय पाहिलंस?”

“हे काय मधेच?”

“सांग ना.”

“आईजवळ माझ्या जागेवर तू झोपली होतीस. ती तुझ्याकडेच बघत होती. मी आलेलं तिला कळलंपण नाही. दाराआड जाऊन खूप रडलो. वाटलं, संपलं आता आपलं.” मग हसून म्हणाला, “फार जळायचो गं तुझ्यावर.”

मुरबाडची गाडी लागली. खिडकी मिळाली. सुमनच्या दंडावर सहा बोटं आहेत, मला एकच मिळेल. पण तिच्या सहांतलं कुणीही तिच्यावर जळून रडलं नव्हतं.