शेपूट नसलेली दीर्घिका

सेसिलिया मिरांडा मृदुभाषी नव्हती. हे आधीच लिहून टाकते, कारण परवा आमच्या कॉलेजच्या शोकसभेत तिला मृदुभाषी म्हटलं गेलं, मनमिळाऊही म्हटलं गेलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. माणूस गेलं की त्याला घासूनपुसून गुळगुळीत करायची ही कसली रीत? सेसिल खडबडीत होती. ज्यांना ती बोचली, त्यांतले बरेचजण परवा पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसले होते.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका पायावर उभी होती. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सची लेक्चरर म्हणून मी रुजू झाले, त्या सकाळी प्रयोगशाळेत गेले तर एक ठेंगणी, सावळी बाई साडी गुडघ्यापर्यंत खोचून, एक पाय बेसिनमध्ये घालून नळाखाली धूत होती. शेजारी चिखलाने माखलेल्या चपला. मला हसू आलं. "हसतेस काय? ओहोटी होती," ती म्हणाली. ओळख ना पाळख, थेट एकेरीवर. ती मढची. मढहून वर्सोव्याला यायचं म्हणजे तरीत, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसून खाडी ओलांडायची, आणि ओहोटी असली की होडी धक्क्याला लागत नाही, चिखलात उतरून चालावं लागतं. बेसिनमध्ये पाय धुण्यावरून विभागप्रमुखांनी तिला मेमो दिला होता. "समुद्राला द्या म्हणावं मेमो," ती म्हणाली आणि दुसरा पाय वर घेतला.

या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. मीही इथे तेच म्हणणार आहे. त्यांचं नाव लिहायची मला इच्छा नाही.

सेसिल आमच्याच विभागात शिकवायची आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. विषय होता एक बटू दीर्घिका. आपल्या आकाशगंगेभोवती अशा काही चिमुकल्या दीर्घिका फिरतात. त्या इतक्या फिक्या असतात की फोटोत दीर्घिका म्हणून काही दिसतच नाही, एका जागी तारे जरा दाट वाटतात एवढंच. प्रश्न असा, की आकाशगंगेच्या ओढीने या बिचाऱ्या फाटताहेत की टिकून आहेत? चंद्र समुद्राला ओढतो आणि भरती येते, तसलीच ही ओढ, फक्त इथे पाण्याऐवजी तारे ओढले जातात. दीर्घिका फाटत असेल तर तिच्या काठाबाहेर तारे सांडलेले दिसतील, लांब शेपटासारखे. फाटत नसेल तर काठापाशी गर्दी संपेल आणि पुढे साधं आकाश. म्हणजे काठाबाहेरचे तारे मोजायचे. डोळे फुटेस्तोवर मोजायचे.

सरांनी परदेशातल्या ओळखीतून एका मोठ्या दुर्बिणीच्या फोटोंच्या फिल्म-प्रती मिळवल्या होत्या. एवढं श्रेय मी त्यांना देते. बाकी सगळं सेसिलचं. लाकडी खोक्यात ट्यूबलाइट बसवून, वर दुधी काच टाकून टेबल तिने केलं. काचेवर फिल्म, फिल्मवर चौकटी आखलेला पारदर्शक कागद आणि डोळ्याला घड्याळजीचं भिंग. फिल्मवर सगळं उलटं, आकाश पांढरं आणि तारे काळे. लेक्चरं संपली की दुपारी आम्ही दोघी मोजायला बसायचो. मी मोजलं की ती फिल्म उलटीसुलटी फिरवायची, म्हणजे दीर्घिकेचा मध्य कुठल्या बाजूला आहे ते माझ्या डोळ्याला कळू नये, आणि म्हणायची, "परत मोज."

"अगं, आत्ताच मोजलं ना!"

"तुला पाहिजे ते मोजलंस. दिसतंय ते मोज."

आकडे जुळले नाहीत की तिचा पारा चढायचा, आणि पारा चढला की कॉलेजची भाषा गळून पडून मढची भाषा वर यायची. "डोले फुटले काय गं तुझे?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकायला मिळणार नाही याचाच राग येतो. तिच्या घरी गेले होते तेव्हा तिची आई म्हणाली होती, "ही घरा आली का तांदलातलं खडं पन मोजतंय." सेसिल म्हणाली, "मोजते आणि परत मोजते."

आता बल्बबद्दल सांगते, कारण सगळं त्या बल्बपाशी येतं. मुंबईच्या दमट हवेत काही टिकत नाही हे इथे राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मढच्या चर्चमधल्या बाजाच्या पेटीत पावसाळाभर एक छोटा बल्ब पेटता ठेवतात, नाहीतर पेटीला बुरशी येते. फिल्म ठेवायच्या कपाटात सेसिलने तसाच बल्ब लावला होता. ते कपाट आमच्या विभागाच्या ओल आलेल्या भिंतीला टेकून होतं, दुसरीकडे जागा नव्हती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे घरी असताना सरांनी शिपायाला सांगून तो बल्ब काढून घेतला. कारण काय, तर रिकाम्या कपाटात दिवा जळतो, कुणी पाहिलं तर काय म्हणेल! रिकामं कपाट! आत तिची दोन वर्षं होती. जूनमध्ये तिने भांडून बल्ब परत लावला, पण पाऊस तोवर सुरू झाला होता.

दिवाळीच्या आधी आम्हाला शेपूट सापडलं. दीर्घिकेच्या काठाबाहेर एका बाजूला फिके ठिपके जास्त येत होते. परत मोजलं, तरी जास्त. फिल्म फिरवली, तरी जास्त. सेसिलने मला मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी घरून डबाभर फुगे घेऊन आली. फुगे म्हणजे त्यांच्याकडे सणाला तळतात ते मैद्याचे गोल पाव. विभागात सगळ्यांना वाटले, सरांनाही दोन दिले. सरांनी फुगे खाल्ले आणि त्याच आठवड्यात एका परिषदेला निबंध पाठवून दिला. पेपरात बातमी आली, 'अंधेरीच्या प्राध्यापकांना सापडले तारकापुच्छ'. प्राध्यापकांना! सेसिलचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत होतं, तेही चुकीचं.

चारेक दिवसांनी ती सकाळी आली ती पाय न धुताच माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. फरशीवर चिखलाची पावलं. "शैला, भरती दोनदा येते ना दिवसातून?"

"हो. मग?"

"का दोनदा? समुद्र चंद्राच्या बाजूला फुगतो आणि पाठच्या बाजूलाही फुगतो म्हणून. ओढ दोन्हीकडे ताणते. मग आपली दीर्घिका एकाच बाजूने कशी फाटली? दुसरं शेपूट कुठाय?"

मी म्हटलं, असेल जास्त फिकं, दिसत नसेल. सरही पुढे हेच म्हणाले. पण तिने ऐकलं नाही. फिल्म उचलली आणि समोरच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ वाकून बघत होती. मग बाजूला झाली आणि मला म्हणाली, "बघ." मी पाहिलं. आमच्या काही ताऱ्यांना केस होते. बारीक, मऊ, तंतूंचे केस. जी कड ओल्या भिंतीकडे होती, त्याच कडेवर. ती रडली नाही. "वाट लागली," एवढंच म्हणाली, आणि फिल्म पिशवीत घालून तडक सरांच्या केबिनकडे निघाली. मी मागोमाग.

सर म्हणाले, "थोडी बुरशी असेल, मिस मिरांडा. सगळीच कशी असेल?"

"जास्तीचे ठिपके सगळेच बुरशी आहेत, सर. ते सोडले तर शेपूट उरतच नाही."

"निबंध गेलाय. बातमी आलीय. आता माघार घेतली तर कॉलेजची काय शोभा राहील?"

"बुरशीने राहील?"

सरांनी चष्मा काढून पुसला. हा त्यांचा नेहमीचा डाव. "तुम्हाला पीएच.डी. हवी आहे ना?"

"हवी आहे. पण बुरशीवर हवी असती तर मी समोरच्या लॅबमध्ये गेले असते."

त्यांनी निबंध मागे घेतला नाही. उलट कॉलेजच्या सभागृहात त्यावर भाषण ठेवलं, प्राचार्यांना बोलावलं, मुलांना बसवलं. भाषण संपल्यावर 'काही प्रश्न?' असं विचारायची पद्धत असते, तसं त्यांनी विचारलं, आणि सेसिल उभी राहिली. प्रश्न विचारलाच नाही तिने. मायक्रोस्कोपखाली काय दिसलं ते सरळ सांगितलं, "चूक माझीपण आहे, मोजलं मीच होतं," असंही सांगितलं, आणि खाली बसली. मागच्या बाकांवरची मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्या टाळ्या तिला फार महाग पडल्या.

पुढच्या टर्मला तिला नुसती अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल्स दिली. 'कामाच्या व्यापामुळे' सरांनी मार्गदर्शन सोडलं. फिल्मच्या कपाटाला नवं कुलूप आलं. स्टाफरूममध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. ज्यांनी तिचे फुगे खाल्ले होते, तेच म्हणायला लागले, "जरा नमतं घ्यायला काय होतं?" का घ्यायचं? मला अजून कुणी याचं उत्तर दिलेलं नाही. त्या वर्षी सर मात्र उपप्राचार्य झाले.

सेसिल थांबली नाही. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत त्याच फोटोच्या स्वच्छ प्रती होत्या. खटपट करून तिने त्या बघायची परवानगी मिळवली आणि शनिवार-शनिवार तिथे जाऊन सगळं पहिल्यापासून मोजलं. मी पडताळ्याला जायची. ती फिल्म फिरवायची, मी मोजायची, मग परत मोजायची. उत्तर आलं ते असं: त्या फोटोत दिसतं तिथवर शेपूट नाही. एका बाजूला नाही, दुसऱ्याही बाजूला नाही. काठ आला की दीर्घिका संपते. इतकी फिकी, इतकी छोटी, शेजारी एवढी दांडगी आकाशगंगा, तरी फाटलेली नाही. कशाच्या जोरावर टिकून आहे ते कुणाला नीटसं माहीत नाही. सेसिल म्हणायची, "काहीतरी असणार आत, न दिसणारं. ते माझ्यानंतरचे शोधतील. मी एवढंच सांगणार, शाबूत आहे."

हे छापायला पाठवायचं तर कॉलेजतर्फे पाठवावं लागणार होतं आणि सही सरांची हवी होती. सर म्हणाले, "आपल्याच कॉलेजचा शोध आपणच खोडायचा? आणि काही सापडलं नाही हे कोण छापणार?" तो कागद त्यांच्या टेबलावर पडून राहिला. सेसिल दर सोमवारी जाऊन विचारायची. दर सोमवारी ते चष्मा पुसायचे.

यंदा उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग गावातलं औषध घेतलं, हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता. मी भेटायला गेले तर डोळे हळदीसारखे पिवळे, आणि त्या डोळ्यांनीही माझ्यावर खेकसली, "रडतेस कशाला? ऐक. ते शेपूट माझ्या नावावर राहू देऊ नको." मी हो म्हटलं. "हो नको म्हणू. कर," ती म्हणाली. तिच्याशी झालेलं माझं हे शेवटचं बोलणं.

परवाची शोकसभा त्याच सभागृहात होती. पहिल्या रांगेत एका टोकाला तिची आई, मढहून आलेली, जुन्या पद्धतीचं लाल लुगडं नेसून. सर शेवटी बोलायला उठले. मृदुभाषी झालं, मनमिळाऊ झालं. मग म्हणाले, "मिस मिरांडा यांच्या चिकाटीमुळेच आपल्या कॉलेजला तारकापुच्छाचा शोध लागला. त्या शोधाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं राहील."

मी उभी राहिले.

"सर, ती बुरशी होती."

कुणीतरी मागून माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला. "तुम्ही बल्ब काढलात आणि बुरशी आली. सेसिलने ती तुम्हाला दाखवली, तर तुम्ही तिला प्रॅक्टिकल्सवर टाकलंत. ज्याच्याविरुद्ध ती याच सभागृहात उभी राहिली, ते आज तिच्या नावावर चढवताय? तिच्या नावावर ठेवायचं असेल तर तिचं उत्तर ठेवा. तुमच्या टेबलावर पडलंय ते."

"मॅडम, ही ती वेळ नव्हे."

"ती जिवंत होती तेव्हाही नव्हती, सर."

सभा आटोपती घेतली गेली. लोक माझ्याकडे न बघता बाहेर पडले. सर चष्मा पुसत माझ्या शेजारून गेले. मी खुर्चीत बसून राहिले होते, तोच तिची आई हळूहळू चालत आली आणि माझ्या शेजारी टेकली. इतकी वर्षं घरात ऐकत आलेली एक गोष्ट तिला विचारायची होती.

"बाय, येक सांग मना. ते तिचं तारं तुटतंय का नाय?"

"नाही तुटत, आई. आहे तसंच आहे. तिने मोजलं."

"परत मोजलंन?"

"परत मोजलं. आम्ही दोघींनी."

"मंग बराबर हाय," तिची आई म्हणाली, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. ओहोटी लागायच्या आत तिला तरीची होडी गाठायची होती.