आधी गज, मग गजाली

फिलसूचा फोन आला तेव्हा मी मागच्या पडवीत भेंडी चिरत बसले होते. श्रावण सरत आला होता, दुपारची उघडीप होती. "काकी, पप्पा गेले," ती म्हणाली. "पेज जेवले, खुर्चीत बसले, माका म्हणाले जरा डोळो लावतंय... आणि गेले." विळी तशीच टाकून मी व्हाळावरचा, म्हणजे मधल्या ओढ्यावरचा, साकव ओलांडला. तिचे पप्पा, आमचे पास्कूदादा, खुर्चीतच होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. तो हात ते एरवी माणसांत नेहमी खिशात ठेवत. त्या दिवशी मात्र तो उघडा होता, आणि फिलसूने त्यात हळूच जपमाळ घातली.

मालवणहून खाडीच्या काठाने आत आलं की आमची वाडी लागते. आमची बागायत व्हाळाच्या अलीकडे, त्यांची पलीकडे. माझे यजमान वसंतराव आणि पास्कूदादा लहानपणापासूनचे सोबती. दोघांकडेही ठासणीच्या बंदुका होत्या, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या. माकडांचा कळप नारळीवर आला की दोघांपैकी कुणीतरी बार काढायचा आणि दिवसभर बाग शांत राहायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती बंदूक माजघराच्या भिंतीवर बघत होते, पण तिला हात कधी लावला नव्हता. मी शाळेत शिकवणारी बाई. मला काय करायची होती बंदूक?

नऊ वर्षांपूर्वी वसंतराव अचानक गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पास्कूदादा आले. माणसं ओटीवर बसली होती. चप्पल काढून ते सरळ मला म्हणाले, "वैनी, बंदूक खंय आसा?"

आमचे चुलत सासरे आप्पा चिडलेच. "पास्कू, घरात सुतक आसा. आज बंदुकीचा काय काम काढलंस?"

"म्हणानच आज इलंय," एवढंच ते बोलले.

मलाही ते आवडलं नाही. मित्राला जाऊन तीन दिवस झाले नाहीत आणि हा माणूस बंदूक मागतो! पण त्यांनी स्टुलावर चढून ती स्वतः उतरवली, नळीचं तोंड आढ्याकडे ठेवून घरापुढच्या खळ्याच्या टोकाला नेली आणि तिचा लोखंडी गज नळीत सोडला. त्या गजावर सुरीने कोरलेली एक खूण होती. नळी रिकामी असेल तर ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की गज मध्येच अडला आणि खूण चार बोटं वर राहिली.

"भरलेली आसा," ते म्हणाले.

 वसंतरावांनी माकडांसाठी बार भरला असणार, माकडं पळाली असणार, आणि त्यांनी वरची केप, म्हणजे बाराला ठिणगी देणारी टोपी, काढून बंदूक तशीच खुंटीवर टांगली असणार. आदल्याच दिवशी माझा मुलगा "बाबांची बंदूक" म्हणून ती मांडीवर घेऊन रडत बसला होता, नळी आपल्याच खांद्याला टेकवून.  पास्कूदादांनी नळीत पाणी ओतलं, बंदूक फणसाला उभी बांधली आणि दुसऱ्या दिवशी येऊन मळसूत्राच्या टोकाच्या गजाने आतला काथ्या ओढून काढला. मागून दारूचा काळा चिखल केळीच्या पानावर पडला.  आप्पांनी पास्कूदादांसाठी स्वतः पाट मांडला.

माणूस गेला की त्याच्या नावाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तशी ती केली. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, देऊन टाक, कशाला हवी?" पण त्या वर्षी माकडांनी केळीचा एक घड ठेवला नाही, नारळ कोवळेच तोडून टाकले. वसंतरावांनी लावलेली बाग माझ्या डोळ्यांदेखत ओस पडत होती. शेवटी मीच ठरवलं, परवाना माझ्या नावावर करायचा. पास्कूदादांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "सोमवारी एसटीन जावया ओरोसाक."

ओरोसच्या जिल्हा कार्यालयात गेलं की ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. समोरच्या कारकुनाने माझ्याकडे बघून विचारलं, "बंदूक चालवणार कोण?" पास्कूदादा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या बाई स्वतः चालवणार आहेत. मी त्यांना शिकवणार आहे." इतकं गंभीरपणे, की तो कारकून पुढे एकही प्रश्न विचारेना. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाले, "माझो गळो सुकलो, चाय पिऊया." त्या एका परवान्यासाठी आम्ही दीड वर्ष तिथे हेलपाटे घातले.

बंदूक परत आली आणि माझी शाळा सुरू झाली. पहिले दोन महिने त्यांनी मला दारू दाखवलीसुद्धा नाही. बंदूक हातात आली की नळी डोंगराच्या उताराकडे, आणि पहिलं काम गज टाकून बघणं. मी स्वतःच्या हाताने धुऊन ठेवलेली असली तरी. भेटल्यावर मी गप्पा मारायला लागले की म्हणायचे, "आधी गज, मगे गजाली." विडी ओढणारा माणूस, पण बंदुकीला हात लावण्याआधी विडी-काडी घरातल्या फळीवर ठेवून यायचा. मग दारू आली. ती डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर अख्खा डबा हातात पेटेल. म्हणून पितळेच्या मापात घ्यायची, डब्याचं झाकण लावून डबा लांब ठेवायचा, आणि मगच माप नळीत ओतायचं. त्यावर काथ्याचा बोळा. छर्रे ते कधी घालू देत नसत. "आमका माकडां मारूची नाय, घालवूची आसत," म्हणायचे. गज ठासताना तो बोटांच्या चिमटीत धरायचा, तळहात वर ठेवायचा नाही, आणि तोंड नळीच्या बाजूला. सगळ्यात शेवटी, बागेत पोचल्यावर, केप. हे सगळं होईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. मध्येच मी काही विचारलं तर ते उत्तर देत नसत. भरलेलं सगळं काढायला लावत आणि पुन्हा पहिल्यापासून. शाळेत इतकी वर्षं मुलांना घोकून घेणारी मी, साठीच्या उंबरठ्यावर त्यांच्या खळ्यात घामाघूम होत होते.

एका सकाळी कळप नारळीवर आला होता. फिलसू टोपली घेऊन माझ्या डाव्या हाताला, जरा मागे उभी होती. मी केप चढवली, नळी उताराकडे धरली, चाप ओढला. नुसता टक आवाज. बार नाही. माकडं वरून बघत होती. "फुकट गेली," असं मनाशी म्हणत मी नळी खाली घेऊन वळायला लागले, आणि पास्कूदादांनी माझं कोपर घट्ट धरलं. "हलू नका, वैनी." मी थांबले. एक श्वास झाला असेल, फार तर दोन... आणि बार उडाला. पेटता काथ्या समोरच्या उतारावर जाऊन पडला. मी वळले असते तर तो फिलसूच्या अंगावर गेला असता. टोपली तिच्या हातातून कधीच पडली होती.

मी खाली बसले आणि म्हणाले, "दादा, हे माझ्याच्याने होणार नाही. उद्याच बंदूक जमा करते."

ते शेजारी मेरेवर, बांधावरच, बसले. खिशातला डावा हात बाहेर काढला. ती बोटं उसाच्या चरकात गेली असं वाडीत सगळ्यांना माहीत होतं. मीही तेच धरून चालले होते.

"चरकात नाय गेली," ते म्हणाले. "मी बार भरी होतंय. माझो मोठो भाव ज्योकी बाजूक उभो ऱ्हवान लग्नाची गजाल सांगी होतो, माझ्याच लग्नाची. हसता हसता मी इसारलंय, एक माप घातलंय काय नाय. परत घातलंय. नळी फुटली. माझी दोन बोटां गेली, ज्योकीचो डोळो गेलो."



"मरासर तो म्हणायचो, चूक माझी, मीच बोलूक लागलंय. माका एकदा तरी शिवी घालूक व्हयी होती त्यान... घातल्यान नाय." मग त्यांनी तो हात परत खिशात घातला. "तुमी बंदूक जमा करा, नायतर ठेवा. पण भिलात म्हणान टाकू नका. भिणारो माणूसच ती नीट धरता."

मी ठेवली. चरकाची गोष्ट वाडीत तशीच चालू राहिली, मी ती कधी खोडली नाही. आज ते नाहीत, आणि फिलसू म्हणाली, "लिही काकी, पप्पांका चलला असता," म्हणून लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी पास्कूदादांचा हात कापायला लागला. पितळेच्या मापातून दारू सांडली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सांडल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता स्वतःची बंदूक पुसली, खोबरेल लावलं, जुन्या धोतरात गुंडाळली आणि परवान्यासकट पोलीस ठाण्यात नेऊन दिली. परत आले ते माझ्या ओटीवर बसले. "दिलंय," म्हणाले. मी चहा केला, तो त्यांनी बशीत ओतून तसाच थंड होऊ दिला. त्यानंतर मी बार भरायला बसले की ते व्हाळाच्या पलीकडे येऊन उभे राहत, माझ्याकडे पाठ करून. बघायचं नव्हतं त्यांना, पण घरात बसवतही नव्हतं. बार झाला की मान हलवायचे आणि निघून जायचे.

ते गेल्यावर जवळजवळ महिनाभर मी बंदुकीला हात लावला नाही. माकडांना काय, त्यांना सुतक नसतं. महिन्याच्या मिसेच्या, म्हणजे त्यांच्या नावाच्या प्रार्थनेच्या, आदल्या सकाळी कळप आला तो थेट त्यांच्या पडवीवर उतरला. मी गज टाकला, माप घेतलं, काथ्या ठासला, बागेत जाऊन केप चढवली. पलीकडच्या काठाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. बार काढला. कळप डोंगराकडे पळाला आणि मी तिथेच उभी राहून पदराने डोळे पुसले.

दारूची राख नळीत राहिली तर आमच्या खाऱ्या हवेत लोखंड आठवड्यात सडतं. म्हणून बार काढला की त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवायची, हा त्यांचा नेम. ते धुणं नेहमी त्यांच्याच मागच्या पायरीवर व्हायचं, माझ्या बंदुकीचंसुद्धा. नळी उलटी करून निथळत ठेवायची. त्या पायरीच्या सिमेंटवर नळीच्या तोंडाएवढी काळी वर्तुळं उठली आहेत, एकात एक गुंतलेली, किती वर्षांची कोण जाणे. आता मात्र वाटलं, मिसेची गडबड असेल, आपण घरीच धुवावी. तरी पाय सवयीने साकवावर गेले.

मागच्या दाराशी फिलसू उभी होती. मिसेसाठी घर धूत होती, हात साबणाने भरलेले. पायरी तिने घासलेली होती, वर्तुळं गेली नव्हती. न्हाणीघरातून धूर येत होता.

"आवाज ऐकलंय," ती म्हणाली. "पाणी ठेवलंय."